न्यूरोसायकॉलॉजीत जायचंय, एमएनंतर नक्की रस्ता कुठला?

अबोली०३

नमस्कार मंडळी, दोन वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या आणि लांबलाय त्याबद्दल आधीच सॉरी.

मी पुण्यात एमए सायकॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे, मूळची लातूर जिल्ह्यातली, बारावीपर्यंत आर्ट्स. सायकॉलॉजी घेतलं तेव्हा डोक्यात काउन्सेलिंग वगैरेच होतं. पण गेल्या वर्षी आजोबांना मेंदूचा अटॅक आला, उजव्या बाजूला, डावा हात गेला. दोन आठवड्यांनी घरी आणलं तर आजी म्हणायला लागली की ह्यांना चटणी-कोशिंबीर नकोशी झालीय, वाढलेलं तसंच राहतंय, आणि भाकरीपण अर्धीच खातायत. सगळ्यांना वाटलं तोंडाची चव गेली असेल. मी एकदा शेजारी बसून ताट बघितलं तर डावीकडचं सगळं जसंच्या तसं आणि उजवीकडची भाजी-आमटी चाटूनपुसून साफ. मी गंमत म्हणून ताट नुसतं फिरवलं तर आजोबा म्हणतात, "ही चटणी आत्ता वाढलीस होय?"

नंतर फॉलोअपला गेलो तेव्हा तिथल्या मॅडमनी एका कागदावर सगळीकडे छोट्या छोट्या रेघा मारलेल्या होत्या तो दिला आणि प्रत्येक रेघ कापा म्हणाल्या. आजोबांनी उजव्या अर्ध्या कागदावरच्या कापल्या, पेन खाली ठेवलं आणि "झालं" म्हणाले. एकदम खात्रीने. त्या "झालं" नंतर मला काउन्सेलिंगमध्ये रस राहिला नाही खरं सांगायचं तर, न्यूरोसायकॉलॉजीच करायचंय, म्हणजे मेंदूच्या आजारात लक्ष, स्मरण, भाषा कुठे अडतेय ते टेस्ट घेऊन शोधायचं काम.

तर आता प्रश्न. एमफिल बंद झालं म्हणतात मग पुढे काय, निम्हान्सशिवाय (बंगळूरची मेंदू-मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था) दुसरीकडे होतं का, बारावीला बायो नव्हतं ते आडवं येईल का, रिसर्चमध्ये गेलं तर पोट भरतं का, आणि एका क्लासवाल्यांचा फोन येतोय रोज की सहा वीकेंडमध्ये "सर्टिफाइड न्यूरोसायकॉलॉजिस्ट" करतो, फी पंचेचाळीस हजार, करू का? बाबा म्हणतात बीएड कर.

काटेसावर

अगं आधी आजोबांचं बोलू, करिअर पळून जात नाही. ह्याला निग्लेक्ट म्हणतात, मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की डावीकडचं जग असून नसल्यासारखं होतं. डोळे शाबूत असतात, लक्षच तिकडे जात नाही, आणि आपलं काही सुटतंय हेही त्यांना कळत नाही, म्हणून ते "झालं" एवढ्या खात्रीने येतं. ताटाच्या डाव्या कडेला एखादं भडक लाल फडकं ठेवून बघा, आणि जेवताना रोज सांगायचं की लाल दिसेपर्यंत मान वळवा. जादू नाही ही, कंटाळवाणं काम आहे, पण काहींना सवय लागते. तुमच्या न्यूरोलॉजिस्टना आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टना विचारून करा.

आता तुझं. मी मुंबईत सरकारी हॉस्पिटलात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, अकरा वर्षं झाली. पहिली गोष्ट डोक्यात फिट्ट बसव, भारतात न्यूरोसायकॉलॉजिस्ट असा वेगळा परवानाच नाही. परवाना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा असतो आणि तो आरसीआय देते, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल, १९९२ च्या कायद्याने झालेली. २०२१ मध्ये अलाइड हेल्थवाल्यांसाठी (फिजिओ, लॅबवाले वगैरे) नवा कायदा आला त्यात इतर सायकॉलॉजिस्ट घेतलेत पण क्लिनिकलवाले आरसीआयकडेच राहिले. म्हणजे सहा वीकेंडमध्ये ते तुला जे देणार तो लॅमिनेट केलेला कागद आहे. पंचेचाळीस हजारात चांगला लॅपटॉप येतो, तो घे, लागेल.

आतापर्यंतचा रस्ता असा होता की एमए सायकॉलॉजी ५५ टक्के, मग एंट्रन्स, मग दोन वर्षांचं एमफिल, आणि ते आरसीआय मान्यताप्राप्त ठिकाणीच. निम्हान्स मोठं नाव आहेच पण एकटं नाही, रांचीला सीआयपी आणि रिनपास, आसामात तेजपूर, दिल्लीला इहबास, आणि आपल्याकडे पुण्यात ससूनच्या आवारात एमआयएमएच. यूजीसीने बाकी सगळी एमफिल बंद केली तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्क ह्या दोघांना २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती. पुढचा ढाचा आरसीआयच्या एमए क्लिनिकल सायकॉलॉजीचा आणि त्यापुढे सायडीचा, म्हणजे प्रॅक्टिसवर भर असलेल्या डॉक्टरेटचा आहे. इथे मुलं फसतात. तुझं एमए आणि हे एमए एक नव्हे, आणि नावात क्लिनिकल असलं म्हणजे मान्यता असते असंही नाही. कॉलेजच्या ब्रोशरवर जाऊ नकोस, आरसीआयच्या साइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते ती उघड आणि कॉलेजचं नाव, कोर्सचं नाव आणि वर्ष तिन्ही जुळतंय का बघ. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं फक्त वर्ष जुळलं नाही, पुढची कटकट विचारू नको.

बायो नव्हतं ते अजिबात आडवं येत नाही. न्यूरोॲनाटॉमी पाठ करावी लागते, सहा महिने रडशील, मग येते. मीही आर्ट्सचीच.

काम कसं असतं ते ऐक, कारण लोकांना वाटतं टेस्ट म्हणजे प्रश्नपत्रिका, घेतली, मार्क टाकले, संपलं. मागे साताऱ्याकडच्या एक आजी न्यूरोलॉजीतून पाठवलेल्या, विसरतात म्हणून, डिमेन्शिया आहे का बघा. तारीख विचारली तर म्हणाल्या "आज अष्टमी, परवा दशमी, मग माझा उपास." महिना कार्तिक. साल काही सांगता येईना पण "धाकटीच्या लग्नाला अठरा वर्षं झाली" हे चटकन. फॉर्मवर माझ्याकडे तारीख, महिना, साल असे तीन चौकोन. सांग, किती मार्क देशील? मी मोबाइलवर पंचांग उघडून बघितलं, अष्टमीच होती!

मग एक मिनिटात जमतील तेवढे प्राणी सांगा म्हटलं. शहरातला माणूस वाघ सिंह हत्ती जिराफ असा झू फिरून येतो. आजींनी गाय, बैल, कालवड, खोंड, वासरू, म्हैस, रेडा, रेडकू, पारडी, शेळी, बोकड, करडू असा अख्खा गोठा काढला आणि मिनिट संपलं तरी त्या गोठ्यातच. इंग्रजी मॅन्युअलच्या हिशोबाने कालवड आणि वासरू वेगळे मोजायचे का? तिच्यासाठी तर वेगळेच आहेत, बाजारात किंमत वेगळी.

पण खरी मजा पुढे. शब्दांची यादी पाचदा वाचून दाखवतो, दरवेळी आठवतील तेवढे शब्द सांगायचे, मग अर्धा तास दुसरं काहीतरी चित्रांचं आकारांचं करायचं म्हणजे शब्दांत शब्द मिसळत नाहीत, आणि मग अचानक विचारायचं की मघाचे शब्द सांगा. आजींना दोनच आठवले. इथे घाईतला माणूस लिहून टाकेल, मेमरी गेली. पण त्यानंतर आपण एकेक शब्द वाचून विचारतो की हा मघाशी होता का, तर जवळजवळ सगळे बरोबर ओळखले, आणि नसलेल्यांना ठामपणे नाही म्हणाल्या. म्हणजे धान्य कणगीत पडलेलं आहे, काढायला हात पुरत नाही. अल्झायमरमध्ये बऱ्याचदा कणगीच रिकामी असते, शब्द आत गेलेलेच नसतात, मग ओळखायला सांगूनही फायदा होत नाही. ह्या एका फरकावर पुढचा सगळा रस्ता बदलतो. आजींचा मोठा मुलगा आठ महिन्यांपूर्वी गेला होता, झोप नाही, जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही. आम्ही डिप्रेशनच्या बाजूने लिहिलं आणि सायकिॲट्रीत पाठवलं, सहा महिन्यांनी परत टेस्ट केली तेव्हा आकडे बरेच वर होते. तेव्हाही गोठाच काढला पण ह्यावेळी कोंबड्यासुद्धा आल्या.

म्हणून सांगते, टेस्ट घ्यायला तीन महिन्यांत शिकवता येतं कुणालाही. कमी आलेला आकडा मेंदूचा आहे की शाळेचा, कानाचा, भाषेचा, दुःखाचा, हे ठरवायला वर्षं जातात.

पैसे. कॉन्ट्रॅक्टवर मला सुरुवातीला २८ हजार होते, मुंबईत, हसू नको. आता परमनंट आहे, बरं चाललंय. बाबांना सांग बीएड कुठे जात नाही.

डोक्याला_ताप

काटेसावर ताई, कणगीचं उदाहरण ढापतोय, माझ्या डेटा कलेक्टर पोरांना सांगायला.

मी रिसर्चच्या बाजूने लिहितो. एका डिमेन्शिया प्रोजेक्टवर जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) आहे, सरकारी रेट २०२३ च्या सुधारणेनंतर ३७ हजार अधिक घरभाडं. आकडा ऐकायला बरा आहे पण ग्रँट कधी तीन महिने उशिरा येते, तेव्हा मेसवाल्याला आपण सायंटिस्ट आहोत हे सांगून उपयोग नसतो. आणि प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली, हे घरी आधीच सांगून ठेव. नेट-जेआरएफ काढलंस तर स्वतःची फेलोशिप असते, मग गाइडच्या मर्जीवर नाही, त्यामुळे एमए करताकरताच त्याचा अभ्यास चालू कर.

आता मुद्द्याचं. ह्या फील्डमध्ये मराठीत काम करायला रान मोकळं आहे, आणि हे मी काही प्रेरणादायी वगैरे म्हणून सांगत नाहीये, वैतागून सांगतोय. समज पासष्टीचे एक काका आहेत, चौथी शिकलेले, त्यांनी एका टेस्टमध्ये अमुक मार्क मिळवले. कमी की जास्त? हे कळायला त्यांच्यासारख्या, त्याच वयाच्या, तेवढ्याच शिकलेल्या, तीच भाषा बोलणाऱ्या धडधाकट लोकांचे मार्क हवेत, त्यालाच नॉर्म्स म्हणतात. निम्हान्सची बॅटरी, म्हणजे टेस्टचा संच, २००४ ची, त्यात वय शिक्षण लिंग असं सगळं धरून नॉर्म्स आहेत पण वय १६ ते ६५, आणि लोक बंगळूरचे. म्हाताऱ्यांसाठी त्यांनी नंतर वेगळी बॅटरी केली. आयसीएमआरने डिमेन्शियासाठी जी टूलबॉक्स बनवली ती सुरुवातीला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम ह्या भाषांत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले आठ कोटींच्या वर आहेत, आणि पहिल्या फेरीत आपण बाहेर.

बरं भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द ठेवला की झालं असं नसतं. एमएमएसई नावाची जी जगप्रसिद्ध ३० मार्कांची टेस्ट आहे १९७५ ची, त्यात वाचून तसं करा आणि एक वाक्य लिहा असं आहे. हरियाणात बल्लभगडला नव्वदच्या दशकात जेव्हा ती हिंदीत केली तेव्हा गावातले बरेच म्हातारे निरक्षर, मग वाचण्याऐवजी मी करतो तसं करून दाखवा केलं आणि लिहिण्याऐवजी तुमच्या घराबद्दल एक वाक्य बोला केलं. किती साधं, पण कुणालातरी सुचावं लागतं. मराठीत अजून गमती आहेत. "क" ने सुरू होणारे शब्द सांगा म्हटलं की अर्धे लोक विचारतात का-की-कु चालेल का, कारण आपल्या डोक्यात बाराखडी आहे, इंग्रजी के नाही. "प" दिला तर प्रकाश धरायचा का? तिघांनी तीन प्रकारे मोजलं तर तुझा डेटा गेला चुलीत. आमच्याकडे ह्या एका "प्र" वर दीड तास मीटिंग झालीय, चहा तीनदा.

आणि शंभरातून सात सात वजा करत जा हे तर क्लासिक. काका म्हणाले त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, धाडधाड, एकही चूक नाही. आणि टेस्ट घेणारी आमची पुण्याची इंग्लिश मीडियमची पोरगी पेन धरून बसलेली, "काका एकोणऐंशी म्हणजे सेव्हन्टी नाइन की एटी नाइन?" काका माझ्याकडे वळून म्हणाले, "हिची पण घ्या टेस्ट." 😄

म्हणून अबोली, तू लातूरची आहेस, चटणी-कोशिंबीर डावीकडे असते हे तुला माहितीय म्हणून तुला आजोबांचं कळलं. ही गोष्ट प्रवेशाच्या एसओपीमध्ये (हा कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध) लिही.

मोठी कामं बघायची असतील तर लासी-डॅड बद्दल वाच, देशभरातल्या साठीच्या वरच्या लोकांची घरी किंवा हॉस्पिटलात नीट तपासणी केली आणि त्यावरून २०२३ मध्ये अंदाज आला की ६० च्या वरच्यांपैकी ७.४ टक्क्यांना डिमेन्शिया, म्हणजे ८८ लाख लोक. मूळ लासी सर्व्हे आपल्या देवनारच्या आयआयपीएस ह्या लोकसंख्या संस्थेचा. दुसरं म्हणजे कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरला बंगळूरच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचा अभ्यास चालू आहे, ४५ च्या पुढचे गावकरी, टार्गेट दहा हजार, आणि त्याच त्याच लोकांना वर्षानुवर्षं परत बघायचं. हे खरं कठीण काम. एकदा टेस्ट घेणं सोपं आहे, तोच माणूस चार वर्षांनी परत शोधून काढणं, तो मुलाकडे पुण्याला गेलाय, सुनेला वाटतंय आपण पॉलिसी विकायला आलोय...

आणि स्टॅटिस्टिक्स शीक. आर नावाचं स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर शीक. फुकट आहे. त्याच्याशिवाय रिसर्चमध्ये तू फक्त दुसऱ्याचे फॉर्म भरणार.

सदा_सुखी

छान माहिती. माझ्याकडे मोका टेस्टचे (डिमेन्शियाची शंका तपासायची छोटी टेस्ट) सगळे शब्द आणि चित्रं आहेत पीडीएफमध्ये, कुणाला घरच्या घरी आईवडिलांची घ्यायची असेल तर इथेच टाकतो. शब्द असे: (मजकूर संपादित)

काटेसावर

संपादकांचे आभार, मीच तक्रार केली. सदाभाऊ राग मानू नका पण हे नका करू. लोक घरी चार वेळा ते शब्द घोकून येतात आणि मग आमच्यासमोर ३० पैकी २८, मुलगा खूश, आणि आजार पुढे सरकतोय तो कुणाला दिसत नाही. उलटंही होतं, सहावी शिकलेल्या आईला २१ आले म्हणून मुलीने रात्रभर रडून काढलेली मी बघितलीय. त्या टेस्टमध्ये कमी शिकलेल्यांना एक मार्क वाढवून देतात खरा पण एका मार्काने सहावी आणि इंजिनिअरमधली दरी भरत नाही. शिवाय ती घेण्यासाठी आता त्यांचं ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट लागतं.

सदा_सुखी

बरं ताई. माहीत नव्हतं. पीडीएफ व्हॉट्सॲपवर आलेली.

निवांत पंत

मी ह्या क्षेत्रातला नाही, बँकेतून निवृत्त. सौ.ची ही तपासणी दोन वर्षांपूर्वी झाली म्हणून दोन शब्द.

तीन तास लागले. मध्ये चहा दिला. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "पास झाले का हो मी?" ती शिक्षिका होती बत्तीस वर्षं, तिने आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासले, आणि त्या दिवशी तिला साधं घड्याळ काढता आलं नाही. काटे दोन्ही एकाच बाजूला. ते तिला कळत होतं, हे सगळ्यात वाईट.

तपासणारी मुलगी पंचविशीची असेल. तिने घड्याळाचा कागद पटकन उलटा केला आणि म्हणाली, बाई तुम्ही कुठल्या शाळेत होतात? पुढची दहा मिनिटं शाळेच्या गप्पा. माझ्या मनात आलं वेळ फुकट घालवतेय, नंतर समजलं की त्या गप्पांतही ती ऐकत होती की हिला शब्द कुठे अडतात. रिपोर्ट मात्र इंग्रजीत आठ पानांचा, त्यातली सात मला कळली नाहीत, मी बँकेत इंग्रजी पत्रव्यवहार करायचो तरी. शेवटच्या पानावर एवढंच हवं होतं की गॅस तिला एकटीला लावू द्यायचा का, चेकवर सही करू द्यायची का, बसने एकटी पाठवायची का. ते विचारायला मला परत जावं लागलं. अबोलीताई, तुम्ही रिपोर्ट लिहायला लागाल तेव्हा हे शेवटचं पान आधी लिहा.

डोक्याला_ताप

पंत, 🙏. आमच्या सगळ्या टीमला फॉरवर्ड करतोय, नाव काढून.

खवट

सगळं ठीक पण हेच ते ब्रेन मॅपिंगवाले ना, डोक्याला वायरी लावून खुनी कोण सांगणारे? पुण्यात २००८ साली त्याच्या जोरावर शिक्षापण झाली होती एका केसमध्ये.

काटेसावर

नाही हो खवटराव, ते वेगळं दुकान. तुम्ही म्हणताय ती ईईजीवरची फॉरेन्सिक चाचणी, त्या निकालावर देशात आणि बाहेर शास्त्रज्ञांनी भरपूर टीका केली, आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सेल्वी खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ही ब्रेनवाली चाचणी माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. आम्ही वायरी लावत नाही, कागद पेन्सिल ठोकळे आणि स्टॉपवॉच. कोर्टात आमचा संबंध येतो तो अपघाताच्या नुकसानभरपाईत, मृत्युपत्र करताना डोकं ठिकाणावर होतं का ह्यात, किंवा अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी. त्या सर्टिफिकेटवरून आठवलं, लहान मुलांच्या आयक्यू टेस्टमध्ये महाराष्ट्राचं नाव जुनं आहे हं. कामतांनी बिनेची टेस्ट मराठी आणि कानडी मुलांसाठी केली ती १९३४ च्या सुमारास, आणि मॅलिननी वेक्सलरच्या आयक्यू टेस्टची भारतीय आवृत्ती केली नागपुरात, साठच्या दशकाच्या शेवटी. अभिमान वाटावा असं काम. लाज वाटावी असं हे की अजून कित्येक ठिकाणी तीच काढून वापरतात. इतक्या जुन्या नॉर्म्सवर आजच्या मुलाचा आयक्यू फुगून येतो, आणि ज्या पोराला मदत मिळायला हवी ते दोनचार मार्कांनी रेषेच्या वर जाऊन बसतं. आई दारात उभी असते आणि आपण तिला सांगायचं की अभिनंदन, तुमचा मुलगा मंद नाही.

जर्सीकर

उशिरा आलो. बायको इकडे न्यू जर्सीत न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे, मी आयटीतला हमाल, तिला विचारून टाइप करतोय.

इकडे यायचं डोक्यात असेल तर नीट ऐक, रस्ता लांब आहे. १९९७ साली ह्यूस्टनला ह्या लोकांची कॉन्फरन्स झाली तिथे ठरलं की आधी डॉक्टरेट, त्यात एक वर्ष इंटर्नशिप, आणि त्यानंतर वर दोन वर्षं पोस्टडॉक रेसिडेन्सी, मग बोर्डची परीक्षा. म्हणजे पीएचडी धरून सात-आठ वर्षं कुठे गेली नाहीत. चांगल्या पीएचडी प्रोग्रॅमला फी माफ आणि स्टायपेंड असतो पण जागा हाताच्या बोटांवर, सायडीला बहुतेक कर्ज. भारतातलं एमफिल इथे थेट चालत नाही, पण ॲप्लिकेशनमध्ये वजन पडतं, कारण इतके पेशंट हाताखालून गेलेले कुठल्या अमेरिकन पोराकडे नसतात.

ती म्हणते एक किस्सा लिही. इथल्या एडिसन गावात एक मराठी आजी तपासायला आणल्या, दुभाषी म्हणून बारा वर्षांचा नातू. डॉक्टर इंग्रजीत विचारणार, नातू मराठीत सांगणार. आजींना म्हटलं हे शब्द लक्षात ठेवा, नातू दरवेळी मागून हळूच पहिलं अक्षर सांगत होता, आजी नापास होऊ नये म्हणून! शेवटी डॉक्टरांनी बायकोला फोन केला आणि सगळं पुन्हा मराठीत करायचं ठरलं, पण नॉर्म्स कुठले लावायचे, तिच्याकडे अमेरिकन आणि स्पॅनिश. म्हणजे डोक्याला_ताप ह्यांचं रडगाणं इथेही तेच आहे.

अवांतर: हैदराबादचा तो अभ्यास वाचा सगळ्यांनी, २०१३ चा, ६४८ डिमेन्शियाचे पेशंट, दोन भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला आढळला, आणि निरक्षरांमध्येही तेच दिसलं. असे प्रश्न अमेरिकेत बसून सुटत नाहीत, इथे दोन भाषा बोलणारा म्हणजे बहुतेक वेळा बाहेरून आलेला, मग भाषा कारण की स्थलांतर कारण हे वेगळं काढता येत नाही. आपल्याकडे पानवालासुद्धा तीन भाषा बोलतो.

अबोली०३

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढे मोठे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, प्रिंट काढून बाबांना दिलेत. ते निवांत पंतांचा प्रतिसाद दोनदा वाचून काही न बोलता गोठ्यात गेले. बीएडचा विषय सध्या निघालेला नाही.

क्लासवाल्यांना नाही सांगितलं, तर म्हणे तीस हजारात करून देतो.

आरसीआयची यादी उघडली, ज्या एका कॉलेजचा विचार होता त्याचं नाव आहे पण कोर्स दुसराच आहे, म्हणजे काटेसावर ताई म्हणाल्या तेच. नेटचा फॉर्म भरणार आहे. आर टाकलं लॅपटॉपवर, पहिल्याच दिवशी लाल अक्षरात एरर, उद्या परत बघते.

आणि आजोबा. फिजिओच्या सरांना विचारलं, ते म्हणाले ठेवून बघा काही हरकत नाही. आजीने जुन्या लुगड्याचं लाल फडकं ताटाच्या डावीकडे ठेवलं. पहिले चार दिवस काही नाही. काल जेवता जेवता थांबले आणि आजीवर ओरडले, "हे घाणेरडं फडकं कुणी ठेवलंय इथं?"

काटेसावर

दिसलं की गं त्यांना! फडकं हलवू देऊ नकोस, कितीही ओरडले तरी. आणि वही कर एक, तारीख टाकून रोज लिही, ताटात डावीकडे काय काय उरलं. तिथीपण चालेल.